धुरी बंद केली त्या दिवशी

रावजीबुवा मृदंगवाल्याला घेऊन सायखेड्याहून सकाळीच आले आणि ओट्यावर टेकताटेकता त्यांनी कुसाबाईंना विचारलं, "मावशी, पाळण्याला कोणतं आख्यान लावू? तुम्ही म्हणाल तसं."

"बाळक्रीडा लावा," कुसाबाई म्हणाल्या. "लोणी, गवळणी, काय ते. पूतना तेवढी नको."

"पूतना तर माझी हातखंडा हाय. मागच्या साली चांदवडला माणसं रडली."

"रडली असतील. पण आमचं लेकरू दोनदा दवाखान्यातून आलं बुवा. इख पाजल्याची गोष्ट आज या घरात नको."

बुवांनी मान डोलावली आणि चहाची बशी तोंडाला लावली. कीर्तनकाराला यजमानाचं दुखणं आधी विचारून घ्यावं लागतं. नाहीतर भरल्या बैठकीत बोलता बोलता बोट नेमकं तिथंच पडतं. बुवा जुने होते. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

महेश शेजारीच खुर्चीच्या कडेवर बसला होता. आईनं 'इख' म्हटलं तेव्हा त्यानं प्लॉटकडे पाहिलं. ओट्यापासून हाकेच्या अंतरावर द्राक्षाच्या ओळी सुरू होत होत्या. छाटणी होऊन घडांत मणी धरायला लागले होते. या दिवसांत फवारणी चुकवून चालत नाही, पण लेकीचं पोर घरी येणार म्हणून त्यानं घराजवळच्या ओळींवर औषध मारणं बंद ठेवलं होतं. पानांच्या मागं भुरीची पांढरी बुरशी दिसायला लागली होती. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून उपयोगही नव्हता. सगळ्या घराच्या मनात जे होतं त्यात भुरीला जागा नव्हती.

झालं होतं ते असं. सृष्टी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, सगळं रीतीप्रमाणे. आठवड्याभरात पोर मलूल पडलं. तोंडातून लाळेची तार, कपाळावर घाम, दूध ओढायला ताकद नाही, पातळ शी. नाशिकच्या दवाखान्यात नेलं, तिथं दोनतीन दिवसांत पोर खडखडीत बरं झालं. घरी आणलं, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी रक्त कुठंतरी मोठ्या लॅबमध्ये पाठवलं. मग महेशला केबिनमध्ये बसवून विचारलं, "तुमची शेती कशाची?"

द्राक्षाची, म्हटल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की कीटकनाशकांचा एक गट असतो, तो अंगात गेला की रक्तातला एक घटक एकदम खाली जातो. तसा या मुलीचा गेला आहे. तोंडावाटेच जावं लागतं असं नाही, कातडीतूनही जातं, आणि तान्ह्या मुलाची कातडी म्हणजे ओला कागद. तुमच्या घरात ते कुठंतरी आहे. कुठं आहे ते शोधा.

महेशनं शोधलं होतं. औषधाची खोली घरापासून लांबच होती, तरी तिथले डबे काढून भावकीतल्या संतोषच्या शेडमध्ये टाकले. फरशा धुतल्या, टाकी उपसली, बोअरचं पाणी बंद करून प्यायला जार आणले. आणि मुख्य म्हणजे, डॉक्टर म्हणत होते त्या गटातलं औषध तो द्राक्षावर मारतच नव्हता. माल बाहेरदेशी जातो. तिकडं माल जायच्या आधी सॅम्पल जातं, त्यात तसलं काही निघालं तर अख्खा प्लॉट गेला. हे त्यानं डॉक्टरांना सांगितलं, बायकोला सांगितलं, जावयाला सांगितलं. जावई ऐकून घ्यायचा आणि काही बोलायचा नाही. ते न बोलणंच महेशला टोचत होतं.

आता ठरलं होतं ते एवढंच. पाहुण्यांना सांगून झालंय, बुवांना सुपारी दिलीय, तेव्हा आज संध्याकाळी पाळणा होईल. आणि पाळणा झाला की तनय बायकोला आणि मुलीला घेऊन नाशिकला जाईल. परत कधी आणायचं ते कुणी बोललं नव्हतं.

"महेश," कुसाबाई म्हणाल्या, "घुगऱ्यांचे हरभरे निवडले का बघ रं. आन् तोंड असं करू नको. देव हाय."

"हाय ना," महेश म्हणाला, आणि उठला.

* * *

लतिकाबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि चाळीस माणसांच्या कचेरीत कुणी काही लपवलं तर त्यांना ते चालण्यावरून कळायचं. दवाखान्यातून त्या मुलगा-सुनेबरोबर थेट इथंच आल्या होत्या. यजमान बाळाजीराव संध्याकाळी पंचवटीतल्या चार घरची माणसं घेऊन यायचे होते. त्याआधी हे घर आपण एकदा नीट पाहून घ्यायचं, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांचे डोळे चुरचुरले. खिडकी बंद, पडदा ओढलेला. प्रतिभा, म्हणजे सृष्टीची आई, शेगडीतल्या निखाऱ्यांवर मूठमूठ काहीतरी टाकत होती. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणाची सालं. पांढरा जाड धूर पाळण्याच्या दोऱ्यांवरून वर चढत होता.

"प्रतिभाताई, हे रोज करता?"

"दोन्ही टाइम. आमच्यात करतात ना."

"आमच्यातही करायचे. पण आज नको."

प्रतिभाचा हात शेगडीवरच थांबला. "धुरीनं काय होतंय विहीणबाई? माझी दोन्ही लेकरं याच्यावरच वाढली."

"त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं नव्हतं."

हे शब्द मऊ आवाजात निघाले होते, पण लागायचे तिथं लागले. प्रतिभानं लेकीकडे पाहिलं. सृष्टी पलंगावर पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं आईकडेही पाहिलं नाही आणि सासूकडेही. लग्न झाल्यापासून हे ती शिकली होती. दोन्हीकडून ताण पडला की दोर हलवायचा नाही.

"म्हणजे तुम्हाला म्हणायचंय, माझ्या धुरीनं पोर आजारी पडलं."

"मला काही म्हणायचं नाही. दवाखान्यात धुरी नव्हती, तिथं मुलगी बरी होती. इथं धुरी आहे. एवढंच मला दिसतं."

"दवाखान्यात मीपण नव्हते. मग माझ्यानंच आजारी पडलं म्हणा की."

दारात कुसाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आत येऊन पितळी झाकण उचललं आणि निखाऱ्यांवर ठेवलं. धूर कोंडून बाजूनं निघाला, मग थांबला.

"आत्याबाई," प्रतिभा म्हणाली.

"राहू दे. आज त्यांच्या मनासारखं. एक दिवस धुरी नाय दिली तर काय आभाळ पडत नाय. खिडकी उघड."

लतिकाबाईंना हे अपेक्षित नव्हतं. थोडं बरं वाटलं म्हणून त्यांनी पिशवीतून नाशिकहून आणलेलं पांघरूण काढलं. मऊ, पिवळं, कडेला बदकं छापलेली, अजून लेबल लागलेलं. "हे पाळण्यात घाला. थंडी पडायला लागलीय."

कुसाबाईंनी ते हातात घेतलं, बोटांनी चाचपलं, आणि घडी घालून कपाटावर ठेवलं.

"चांगलं हाय. पण नवं कापड लेकराला आताच लावू नये. आधी घरातल्या माणसांच्या अंगावरचं जुनं लावावं. मऊ झालेलं. त्यात त्यांची ऊब असती. मी गोधडी शिवलीय ना, तीच घालू. उन्हात टाकलीय सकाळपासून."

"एकास एक," लतिकाबाई म्हणाल्या. "तुमचं मी ऐकते, माझं तुम्ही ऐकलंत."

"मग फिटलं," कुसाबाई म्हणाल्या. प्रतिभा फणकाऱ्यानं शेगडी उचलून बाहेर गेली. खिडकी उघडली तसं डिसेंबरचं ऊन पलंगावर आलं आणि खोलीतला धूर हळूहळू बाहेर सरकायला लागला.

* * *

पोराला दूध पाजून सृष्टीनं खांद्यावर घेतलं. पोर आज चांगलं ओढत होतं. डोळे उघडून छताकडे पाहत होतं, मुठी आवळत होतं. ती तिला मनातल्या मनात वल्लरी म्हणत होती. नाव अजून ठेवलेलं नव्हतं, पण तनयनं आणि तिनं ठरवलेलं होतं, आणि आजीला ते नीट म्हणता येत नव्हतं.

कुसाबाई गोधडी घेऊन आल्या. उन्हानं तापलेली, जड. वरून लुगड्यांचे तुकडे, हिरवे, जांभळे, मधे एक चांदणी. टाके मुंगीच्या रांगेसारखे. सातव्या महिन्यापासून त्यांनी ती शिवायला घेतली होती आणि डोळ्याला दिसत नसताना पूर्ण केली होती.

"ठेव तिला," म्हणत त्यांनी गोधडी पलंगावर पसरली, हात फिरवून सुरकुती काढली आणि हरभरे शिजले का बघायला गेल्या.

सृष्टी पोराला खाली ठेवायला वाकली.

तिला आबा आठवले. एकदम, काही कारण नसताना. आबा म्हणजे तिचे आजोबा, नाथाबाबा. दुपारी जेवायला मळ्यातून यायचे, पाठीवरचा पंप ओट्याखाली ठेवायचे, आणि ती पळत जाऊन पायाला मिठी मारायची तेव्हा वरून म्हणायचे, "लांब हो, लांब हो, औषधाचा हाय मी." आणि ती लांब व्हायची नाही. उग्र, लसणासारखा, रॉकेलसारखा वास. तिला तो आवडायचा. लहानपणी आजोबांचा वास म्हणून दुसरा कुठला तिला माहीतच नव्हता.

ती अर्धवट वाकलेलीच थांबली. पोर हातात अधांतरी.

आबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

तिनं पोराला परत छातीशी घेतलं, पलंगापासून दोन पावलं मागं सरली, आणि खिडकीतून हाक मारली, "पप्पा. जरा आत या. एकटेच या."

महेश आला. "काय झालं? लाळ येऊ र्‍हायली का?"

"नाही. ती बरी आहे. तुम्ही गोधडीजवळ जा आणि कशाचा वास येतो सांगा."

"वास?"

"जा ना."

तो गेला, वाकला, आणि ज्या वेगानं वाकला त्याच वेगानं सरळ झाला. द्राक्षवाल्याचं नाक औषधांत मेलेलं असतं असं म्हणतात, पण प्रत्येक औषध त्याला नावानिशी ओळखता येतं. एवढे दिवस या खोलीत ओव्याचा आणि लसणाच्या सालांचा धूर कोंडलेला होता. त्या धुरात हा वास वेगळा निघालाच नव्हता.

"हे आपण कधीच बंद केलंय," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. "प्लॉटला चालत नाय. आबा तेवढे कांद्याला मारायचे. शेवटपर्यंत. मी नको म्हणायचो."

"मग गोधडीला कसा वास?"

महेशनं कपाटातली कात्री घेतली आणि कडेचे टाके उसवले. वरचं लुगडं, खाली जुनी चादर, त्याच्या खाली निळ्या रेघांचं जाड कापड. पाठीच्या जागी कापडाचा रंग पिवळट, पापुद्रा धरल्यासारखा. त्यावर पोराच्या शूचे गोल डाग उमटलेले होते, एकावर एक.

खिशाचं बटण काढलेलं नव्हतं. सदरा होता तो.

* * *

मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशी, चौघं उभी होती. प्रतिभा, महेश, तनय आणि लतिकाबाई. सृष्टीनं दवाखान्यात फोन लावून बोलून घेतलं होतं आणि ती न्हाणीत पोराला साबण लावून आंघोळ घालत होती. गोधडी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून दगडावर ठेवलेली. महेशनं हातात रबरी मोजे चढवले होते. ते घरात होतेच, खोक्यात, कधी न वापरलेले.

"आत्याबाईंनी पेटीतून काढला असणार," प्रतिभा म्हणाली. "मामंजींचे सगळे कपडे आपण दहाव्याला वाटले. एक सदरा कमी होता, मला वाटलं संतोषनं नेला."

"न धुता?" तनयनं विचारलं.

न धुता का ठेवला असेल हे सगळ्यांनाच कळलं होतं. धुतल्यावर माणसाचा वास जातो.

"सॉरी मामा," तनय म्हणाला. "मी तुमच्यावर धरत होतो."

"धरा ना. आमच्याच घरातून निघालं."

"पण एक विचारतो. तुमच्या द्राक्षांचं सॅम्पल दर वर्षी जातं. तुमचं स्वतःचं रक्त कधी तपासलंय?"

"आम्हाला काय होतंय," महेश सवयीनं म्हणाला, आणि मग त्यालाच ते विचित्र वाटलं असावं. त्यानं मोज्यातल्या हातांकडे पाहिलं.

"तुमचे फवारणीचे कपडे कोण धुतं?" लतिकाबाईंनी विचारलं.

"मीच," प्रतिभा म्हणाली. "सगळ्यांचे एकदमच भिजवते." आणि बोलता बोलता थांबली. दगडावर लेकराची लंगोटी वाळत पडली होती. ती तिनं उचलली, हातात धरून उभी राहिली आणि कुठं ठेवावी हे तिला कळेना.

लतिकाबाई पुढं झाल्या आणि त्यांनी ती तिच्या हातातून घेतली. सकाळचं भांडण दोघींच्या अंगावर अजून होतं, पण त्याला आता धार नव्हती. "परत धुऊ. वेगळ्या बादलीत. मी धुते."

"आजींना सांगायला हवं," तनय म्हणाला.

"नाही," प्रतिभा म्हणाली. तीस वर्षं सासूच्या नावानं बोटं मोडलेली बाई, ती इतक्या जोरात 'नाही' म्हणाली की महेशनं वळून पाहिलं. "आज नाही. त्यांनी आपल्या हातानं शिवलीय. डोळ्यांतून पाणी गळायचं सुई ओवताना. त्यांना कळलं ना, तर त्या उठायच्या नाहीत."

"आणि पेटीत अजून काही असलं तर?" तनय म्हणाला. "मी त्यांना दोष देत नाहीये. पण त्या पेटीत हात घालतात, मग मुलीला घेतात. न सांगून कसं चालेल?"

"पेटी मी बघतो," महेश म्हणाला. "गोधडीवर मांजर मुतलं म्हणून सांगू. आई शिव्या देईल मांजराला. होऊ दे पाळणा."

मुलाच्या बाजूनं बोलायचं लतिकाबाईंच्या मनात आलं होतं. पण सकाळी धुरीवर झाकण ठेवणारा तो हात त्यांना आठवला. "पाळणा होऊ दे," त्या म्हणाल्या. "उद्या सांगा."

"आई, तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

तेवढ्यात महेशचा फोन वाजला. डॉक्टर होते. मोज्यातल्या हातानं फोन कानाला लावता येईना म्हणून तनयनं तो घेतला आणि स्पीकर सुरू केला.

डॉक्टरांनी आधी आंघोळ घातली का विचारलं. मग सांगितलं, गोधडी जाळू नका, धूरही तितकाच वाईट. तशीच बांधून घेऊन या. मुलीला उद्या सकाळी आणा, परत रक्त बघू. वेळेवर सापडलं, बहुतेक काही मागं राहणार नाही, पण पुढचे काही महिने मी तिला बघत राहीन.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "घरात त्या कपड्याला अजून कुणी हात लावलाय? खूप घाम येणं, तोंडाला पाणी सुटणं, जुलाब, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकासारखी बारीक होणं, असं कुणाला झालं तर लगेच निघा. मोठ्या माणसांत हे पटकन ओळखू येत नाही. शेतात माणूस कोसळला की लोक हार्ट म्हणतात आणि मोकळे होतात."

फोन बंद झाला. मागं काहीतरी खडखडलं.

स्वयंपाकघराच्या दारात कुसाबाई उभ्या होत्या. हातात हरभऱ्यांची चाळणी. ती त्यांनी दाराच्या चौकटीला टेकवून धरली होती.

किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी दगडावरची पिशवी पाहिली. पारदर्शक प्लॅस्टिकमधून जांभळं लुगडं दिसत होतं आणि उसवलेल्या कडेतून निळी रेघ.

"आई, ते मांजर..." महेश म्हणाला.

"घाम असा होता," कुसाबाई म्हणाल्या, "की बंडी पिळावी. तोंडाला फेस. धोतर खराब झालेलं. मी पदरानं पुसलं. तू म्हणला, आई, हार्ट हाय, हार्टला असं होतं."

महेश भिंतीला टेकला.

"डोळे बघितले ना मी त्यांचे. बाहुली मोहरीएवढी. मला वाटलं, जीव जाताना बाहुली अशीच होत असंल." त्यांनी पुन्हा पिशवीकडे पाहिलं. "पंप गळत होता. सकाळीच म्हणले होते, वायसर बदलायचाय. पाठ भिजलेली होती. मी म्हणलं, आल्यावर बदला."

"आत्याबाई, बसा," प्रतिभा म्हणाली आणि चाळणी घ्यायला गेली.

"हात लावू नको मला." ते रागानं नव्हतं. प्रतिभाला ते उशिरा कळलं. म्हातारीनं दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, पीठ लागलेले हात धरावेत तसे. "सदरा मी रात्रीचा उशाखाली घ्यायचे. वरीसभर. मग म्हणलं, मी किती दिवसांची. लेकराला घालू. पणजोबाची ऊब मिळंल."

तनय पुढं आला. "आजी, तुम्हाला माहीत नव्हतं."

"ठाव नव्हतं म्हणून इखाचं दूध होत नाय, जावईबापू."

न्हाणीतून पोराच्या रडण्याचा आवाज आला. खणखणीत, रागावलेला. पाणी गार झालं असणार. सगळ्यांनी तिकडं मान वळवली, आणि सगळ्यांच्या खांद्यांवरून थोडंसं काही उतरलं. मलूल पोर असं रडत नाही.

कुसाबाईंनी चाळणी खाली ठेवली. "साबण कुठाय?" त्यांनी विचारलं.

* * *

ऊन उतरायला लागलं तशी बाळाजीरावांची गाडी आली, मागून पाहुण्यांच्या आणखी दोन. पडवीत घुगऱ्यांचे द्रोण मांडले होते. कुसाबाईंचे हात लागलेले हरभरे टाकून दिले होते आणि नवे भिजवायला वेळ नव्हता. प्रतिभानं कुणाला न सांगता दुकानातून फुटाणे आणि शेंगदाणे आणवले आणि द्रोणांत तेच भरले. एका बाईनं विचारलं, "घुगऱ्या नाही केल्या?" तर लतिकाबाई म्हणाल्या, "यंदा आमच्याकडची पद्धत." अशी पद्धत पंचवटीत कुणाची नव्हती. बाळाजीरावांनी बायकोकडे पाहिलं आणि शहाणपणानं एक शेंगदाणा तोंडात टाकला.

कुसाबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली होती. धुवट लुगडं नेसून त्या बाळंतिणीच्या खोलीत आल्या, कपाटाकडे गेल्या आणि वरचं पिवळं पांघरूण काढलं. लेबल अजून तसंच होतं. ते दातांनी तोडायला गेल्या, मग थांबल्या, आणि लतिकाबाईंच्या हातात दिलं.

"तुम्ही घाला. तुमच्या हातानं."

"नवं कापड चालेल?"

"चालंल."

लतिकाबाईंनी लेबल कात्रीनं कापलं. पांघरूण पाळण्यात पसरलं. बदकं वरच्या बाजूला आली. बायका जमल्या, पाळण्याच्या खालून-वरून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं, तनयच्या बहिणीनं, म्हणजे पोराच्या आत्यानं, कानात नाव सांगितलं आणि पाठीत धपाटे खाल्ले. कुसाबाई भिंतीशी उभ्या होत्या. एरवी पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात असायची. या घरातली सगळी नावं त्यांनी हलवलेल्या दोरीवर ठेवली गेली होती, महेशचंही.

अंगणात बुवांनी फेटा बांधला. टाळकरी दोन्ही बाजूंना उभे राहिले. मृदंगाला कणीक लावून थाप पडली, आणि लोक सरकून बसले. नमन होणार, तोच कुसाबाई माणसांतून वाट काढत पुढं आल्या. बुवांनी वीणा खाली केली.

"बुवा, पूतना लावा."

"मावशी, सकाळी नको म्हणालात ना?"

"सकाळी मला ठाव नव्हतं."

बुवांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मागं महेशकडे पाहिलं. महेश मान खाली घालून बसला होता.

"इख घेऊन आली ते भराभर सांगा," कुसाबाई म्हणाल्या. "ते आता माहीत हाय. देवानं तिला शेवटी कुणाची जागा दिली, ते नीट सांगा. घाई करू नका."

त्या मागं वळल्या आणि बायकांच्या बैठकीच्या अगदी कडेला, सगळ्यांपासून एक हात लांब, बसल्या. दोन्ही हात मांडीवर उताणे. साबणानं घासून घासून तळवे लाल झालेले.

बुवांनी सुरुवात केली. आवाज पहिल्यांदा खालच्या पट्टीत होता, मग टाळ मिळाले तसा वर चढला. गोकुळ आलं, पाळणा आला, रूप पालटून आलेली ती बाई आली. लतिकाबाईंनी पदर सावरला. प्रतिभा दारातच उभी राहून ऐकत होती. गोठ्यातल्या गाईंनी माना वर केल्या. बुवांनी खरोखरच घाई केली नाही. ती दारात आली, यशोदेनं तिला आत घेतलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं, इथपर्यंत ते आले आणि टाळ थांबले.

त्या थांबलेल्या वेळात सृष्टी पोराला पिवळ्या पांघरुणात गुंडाळून खोलीतून बाहेर आली. तनय उभा राहिला. काहीतरी म्हणणार होता. मग त्यानं बाजूला सरून तिला वाट करून दिली.

ती बायकांच्या रांगांमधून कडेपर्यंत गेली आणि आजीसमोर बसली.

"नको," कुसाबाई हळू म्हणाल्या. "माझे हात..."

"धुतलेत ना?"

"धुतलेत."

"मग घे. मला ऐकायचंय, आणि ही हातात असली की ऐकू देत नाही."

पोर मांडीवर आलं. त्यानं एकदा हातपाय ताणले, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हातारीचं लाल झालेलं बोट मुठीत पकडलं. कुसाबाईंनी बोट सोडवून घेतलं नाही. त्या वाकल्या आणि पोराच्या डोळ्यांत बघत राहिल्या, एक डोळा, मग दुसरा. उजेड कमी होत होता. बाहुल्या मोठ्या, काळ्या, टपोऱ्या होत्या.

"चांगल्या हायेत," त्या म्हणाल्या.

पुढं बुवांनी टाळकऱ्यांना खूण केली आणि पूतनेला देवानं आईची जागा कशी दिली ते सांगायला घेतलं.